वाचकांचे प्रश्न : मॅरेथॉनआधीची हाफ मॅरेथॉन कशी धावावी?

प्रश्न : माझे वय ४१ असून मी घोडबंदर रोडवर राहतो. येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये मी पहिल्यांदाच पूर्ण अंतर (सुमारे ४२.२ किलोमीटर) धावणार आहे. त्याआधी साधारण सहा आठवडे, डिसेंबरमध्ये, वसई-विरारच्या हाफ मॅरेथॉनमध्ये (सुमारे २१.१ किलोमीटर) नाव नोंदवले आहे. गेल्या वर्षीची हाफ मी २ तास १० मिनिटांत पूर्ण केली होती. मात्र त्यानंतर पोटऱ्या पंधरा दिवस दुखत होत्या. सध्या आठवड्याला ४० ते ४५ किलोमीटर धावणे होते. डिसेंबरची शर्यत पूर्ण जोर लावून धावावी की केवळ सराव म्हणून? आमच्या ग्रुपमध्ये दोन्ही बाजूंनी तितक्याच ठामपणे सल्ले मिळतात.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण ही शर्यत पूर्ण जोर लावून धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही शर्यतींमध्ये सहा आठवडे असले, तरी त्यातले शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत पायांना ताजे करण्याचे असतात. म्हणजे खऱ्या मेहनतीसाठी हाती उरतात तीन, फार तर चार आठवडे, आणि २८ ते ३० किलोमीटरचे सर्वांत महत्त्वाचे लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचे सराव, त्यातच बसवायचे असतात. गेल्या वर्षीप्रमाणे पोटऱ्यांनी पंधरा दिवस घेतले, तर हाफमधली चार-पाच मिनिटे कमावताना आपण मॅरेथॉनची अर्धी तयारी गमावून बसाल. ज्यांच्या गाठीशी चार-पाच मॅरेथॉन आहेत आणि ज्यांचे पाय आठवडाभरात सावरतात, त्यांनी अशी शर्यत कसोटी म्हणून जरूर धावावी. आपली गोष्ट वेगळी आहे.

मात्र ती रमतगमत धावणे हीदेखील मोठी संधी वाया घालवणे ठरेल. वाहनांसाठी बंद केलेला रस्ता, ठरावीक अंतरावरची पाण्याची टेबले, छातीवरचा बिब (क्रमांकाचा कागद) आणि आजूबाजूची गर्दी या गोष्टी रविवारच्या नेहमीच्या सरावात मिळत नाहीत. म्हणून ही शर्यत जानेवारीची रंगीत तालीम समजून, मॅरेथॉनच्या पेसने, म्हणजे मॅरेथॉनमध्ये दर किलोमीटरला जितका वेळ लावायचा तितक्याच वेळात, धावावी.

हा पेस कोणता, ते आता पाहू. पीटर रीगेल या अमेरिकी अभियंत्याने मांडलेले एक सूत्र धावपटूंमध्ये प्रचलित आहे; त्यानुसार अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ सुमारे २.०८५ पट होतो. आपल्या २ तास १० मिनिटांवरून मॅरेथॉनचा अंदाज ४ तास ३१ मिनिटे, म्हणजे किलोमीटरला साधारण ६ मिनिटे २५ सेकंद, असा निघतो. परंतु धावपटूने दोन्ही अंतरांची सारखीच तयारी केली आहे, हे या सूत्रात गृहीत धरलेले असते. आठवड्याला ४०-४५ किलोमीटरचा सराव, पहिलीच मॅरेथॉन आणि घाम वाळू न देणारी आपल्याकडची दमट हवा लक्षात घेता, ४ तास ४५ मिनिटांचे लक्ष्य मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यासाठी ६ मिनिटे ४५ सेकंदांचा पेस लागतो. डिसेंबरमध्ये पहिले १६ किलोमीटर याच पेसने धावावे. त्यानंतर एखादे पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत असेल, तरच शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये वेग थोडा वाढवावा.

खरी परीक्षा पहिल्या तीन किलोमीटरमध्ये असते. ताज्या पायांना ६:४५ हा पेस कंटाळवाणा वाटतो, ढोल-ताशा वाजत असतो, ओळखीचे लोक हात हलवत पुढे निघून जातात आणि घड्याळात पाहावे तो आपण सहाच्या पेसने धावत असतो. शरीरातील स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा इंधनसाठा, मर्यादित असते आणि वेग जितका जास्त, तितक्या झपाट्याने ते खर्ची पडते. हाफमध्ये ही उधळपट्टी खपून जाते. मॅरेथॉनमध्ये मात्र तिची वसुली तिसाव्या किलोमीटरनंतर होते आणि तेव्हा मनाने कितीही बजावले तरी पाय ऐकत नाहीत. म्हणून लोकांना पुढे जाऊ देण्याची सवय डिसेंबरमध्येच करून घ्यावी.

खाण्यापिण्याची तालीमही तितकीच काटेकोर हवी. दोन तासांपेक्षा अधिक धावताना ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. धावताना खाण्याच्या एनर्जी जेलच्या एका पाकिटात बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात. जेल, खजूर किंवा चिक्की यांपैकी जे जानेवारीत घेणार, तेच आणि त्याच अंतराने आता घ्यावे. पाण्याच्या पहिल्या टेबलाशी झुंबड उडते, म्हणून थोडे पुढे जाऊन त्याच रांगेतल्या शेवटच्या टेबलावरून कागदी पेला उचलावा, त्याची कड चिमटीत दाबून चोच करावी आणि दोन-तीन घोट सावकाश घ्यावेत. धावता धावता तोंडाला लावलेला उघडा पेला निम्मा नाकात आणि निम्मा बुटात जातो, आणि ओल्या मोज्यांनी फोड येतात. तहान नसताना प्रत्येक टेबलावर नुसते पाणी पीत राहणेही धोक्याचे आहे, कारण त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घातक पातळीपर्यंत उतरू शकते; मधूनमधून ओआरएस घ्यावे. घरून निघताना आणि परतल्यावर वजन करून ठेवावे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाण्याची तूट, हा हिशेब जानेवारीत उपयोगी पडेल.

मुंबईची पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सुटते, म्हणजे न्याहारी तीनच्या आत उरकावी लागते. डिसेंबरमध्येही शर्यतीआधी तितक्याच वेळाने, तेच पदार्थ खाऊन पाहावेत. वसईला जाताना गायमुख घाटातल्या अवजड वाहनांचा भरवसा धरू नये. शक्य असल्यास आदल्या रात्री तिकडेच मुक्काम करावा. मुंबई मॅरेथॉनच्या मार्गातील पेडर रोडच्या चढणीची तयारी मात्र वेगळी करावी लागेल, आणि त्यासाठी उपवनहून येऊरकडे चढणारा रस्ता आपल्या घराजवळच आहे. चाळिशी ओलांडलेली असल्याने हृदयाची तपासणी अद्याप केली नसेल, तर ती या शर्यतीआधीच करून घ्यावी.

प्रश्न : मीही तीच हाफ धावणार आहे. तिच्यानंतरच्या पहिल्याच रविवारी पाम बीच रोडवर ३० किलोमीटरचा लाँग रन केला तर चालेल का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : घाई करू नये. हाफनंतर दोन-तीन दिवस केवळ चालावे, मग हलके धावणे सुरू करावे. पुढच्या रविवारी १६ ते १८ किलोमीटर पुरेसे आहेत. ३० किलोमीटर त्याच्या पुढच्या रविवारी करावेत. पाम बीच रोड सपाट असला तरी तिथे वाहने भरधाव असतात, त्यामुळे अंधारात चमकणारी पट्टी अंगावर असलीच पाहिजे. शिवाय पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याची कड उतरती ठेवलेली असते आणि सतत एकाच कडेने धावल्यास एका पायावर अधिक ताण येतो. काही किलोमीटर ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानाच्या ट्रॅकवर धावून हा ताण टाळता येईल. दोन्ही मांड्या सारख्याच भरून आल्या असतील, तर ते दुखणे दोन-चार दिवसांत आपोआप ओसरते. परंतु नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर ३० किलोमीटरचा बेत रद्द करून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.