हमी भाड्याचा स्टुडिओ फ्लॅट: चौथ्या वर्षाचा हिशेब आधी मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठाजवळ, शहराच्या मध्यावर फर्निचरसह स्टुडिओ फ्लॅट घेऊन विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचा आहे. किमतीच्या 60 टक्के कर्ज, 7 टक्के व्याज, 20 वर्षांची मुदत. बिल्डर 3 वर्षं 7 टक्के भाड्याची हमी देतो आहे. घ्यावा का?

या किमतीला घेऊ नका.

हमी संपल्यावरचं चौथं वर्ष बघा. किंमत 100 धरली, तर बारा महिन्यांचं भाडं 7. पण परीक्षा झाली की मुलं खोली सोडतात. दोन महिने रिकामे धरले की हाती येतात 5.8. त्यातून व्यवस्थापन कंपनीचे 12 टक्के, म्हणजे 0.7. इमारतीचा मेंटेनन्स 1, विमा-रंग-दुरुस्ती 0.5. फर्निचर 5 चं असेल, तर दरवर्षी 1 बाजूला टाकाच, कारण दरवर्षी भाडेकरू बदलतो त्या घरात गादी, खुर्ची आणि ड्रॉवर पाचएक वर्षांत बदलायला येतात. उरले 2.6. कर्जाचे वर्षाचे हप्ते 5.6. म्हणजे दर वर्षी 3 तुमच्या पगारातून जाणार, आणि यात प्राप्तिकर धरलेलाच नाही.

मग हमीचे 21 बिल्डर कुठून देतो? बहुतेक वेळा ते किमतीतच चढवलेले असतात. पडताळणं सोपं आहे: त्याच भागातल्या जुन्या, तेवढ्याच स्टुडिओंचे प्रत्यक्ष नोंदणी झालेले व्यवहार काढा आणि चौरस फुटाचा दर ताडून बघा. फरक 15 ते 20 टक्के निघाला, तर तुमचेच पैसे तुम्हाला भाडं म्हणून परत मिळताहेत. हमी देणारी कंपनी वेगळी, नवी आणि नाममात्र भांडवलाची असेल, तर त्या कागदाला बँक गॅरंटीशिवाय किंमत नाही.

मला जास्त काळजी विकण्याची वाटते. फार लहान स्टुडिओवर कर्ज द्यायला अनेक बँका नाखूश असतात, आणि फक्त विद्यार्थ्यांसाठी मंजूर झालेल्या इमारतीत कुटुंब राहायला येऊ शकत नाही. गिऱ्हाईक उरतं ते तुमच्यासारखा गुंतवणूकदारच, आणि तोही हाच हिशेब मांडणार.

तेवढ्याच पैशात थोडा लांब, पण बस किंवा मेट्रोच्या रस्त्यावर एक बेडरूमचा फ्लॅट मिळत असेल तर तो आधी बघा. नोकरदार भाडेकरू सुट्टीत घर रिकामं करत नाही. तरीही स्टुडिओच हवा असेल, तर इसार देण्याआधी व्यवस्थापन कंपनीकडून तिच्या दुसऱ्या इमारतीचा गेल्या 3 वर्षांचा महिनावार भाडेतक्ता मागा, फर्निचरची यादी किमतीसह करारात घाला आणि व्यवस्थापक बदलायचा हक्क लिहून घ्या.