जूनमध्ये नॉर्वेच्या फ्योर्ड क्रूझला जातोय. कपडे काय न्यावेत आणि बंदरांवरचे दिवस कसे आखावेत?

जाड जॅकेट नको. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या प्रश्नातलं "एक चांगलं जाड जॅकेट घेतलं की झालं ना?" हे वाक्य वाचलं आणि आमच्या थोरल्या भाऊजींचा आवाजच कानात वाजला. तुम्ही चौघं आहात, सात रात्री आहेत, बॅगेत काय भरावं आणि बंदरांवर जहाजाच्या सहली घ्याव्यात की आपलं आपण फिरावं, असं विचारलंय. आम्हीही चौघंच होतो. मी, नवरा, भाऊजी आणि जाऊबाई. महिनाही जूनच. जर्मनीतल्या कीलहून निघून बर्गन, गायरांगर, ऑलेसुंड, फ्लॉम आणि परत. व्हिसा, विमा, मळमळीच्या गोळ्या हे सगळं तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही.

जूनमध्ये तिथे माणूस थंडीने नाही, ओलीने बेजार होतो. दिवसा बारा-पंधरा अंश म्हणजे चालताना घाम येईल असं हवामान. पण बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बारा महिने रिपरिपत असतो. अंग एकदा भिजलं आणि वर डेकवरचा वारा लागला की तेच बारा अंश दातखीळ बसवतात. म्हणून आत पातळ लोकरी इनर, त्यावर फ्लीसचा मऊ, उबदार थर आणि सगळ्यात वर टोपीवालं, खरोखर पाणी न शिरणारं, बिनअस्तराचं जॅकेट. हवं तसं चढवायचं, हवं तसं उतरवायचं. खाली लवकर वाळणारी पँट आणि त्यावर घालायला वॉटरप्रूफ पँट. जीन्स एकसुद्धा नको. छत्री तर मुळीच नको, डेकवर ती पहिल्याच झोतात उलटी होते.

ही वॉटरप्रूफ पँट मी बॅगेत टाकली तेव्हा भाऊजी म्हणाले, "मासे पकडायला चाललीस का?" आणि स्वतः पिसं भरलेलं, गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट घेऊन आले. एकट्या त्या जॅकेटने अर्धी बॅग खाल्ली. वर तीन जीन्स. आणि एक एक्सेल शीट. प्रत्येक बंदराला चार-चार ठिकाणं, मिनिटांसकट.

आता गायरांगर. इथे जहाज धक्क्याला लागेलच असं धरून चालू नका. आमचं मधे नांगर टाकून उभं राहिलं आणि लोकांना छोट्या टेंडर बोटींनी गावात नेलं. आधी जहाजाच्या स्वतःच्या सहली घेतलेले लोक जातात. बाकीच्यांनी लाउंजमध्ये जाऊन नंबरचा स्टिकर घ्यायचा आणि आपला नंबर पुकारेपर्यंत बसून राहायचं. हे आदल्या रात्री केबिनमध्ये टाकलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं होतं. मी जेवताना सांगितलंही होतं, "साडेसातला आपल्यातलं एक जण रांगेत उभं राहू या." भाऊजींनी डाल्सनिब्बाच्या शिखरावर जाणारी बस घरून निघायच्या आधीच ऑनलाइन बुक करून ठेवली होती, साडेनऊची. ते म्हणाले, "अगं, गाव समोर दिसतंय. पाच मिनिटांचं पाणी आहे."

सकाळी आम्ही दोघं साडेपाचला डेकवर होतो. तुमच्या प्रश्नात नाही तरी सांगते: गायरांगरला पाहण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं गाव येण्याआधीच होऊन जातं. जहाज फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीत, जवळजवळ पंधरा किलोमीटर आत शिरतं, दोन्ही बाजूंनी सरळसोट कडे, आणि "सात बहिणी" हा धबधबा असा बाजूने जातो की त्याचा आवाज आधी येतो आणि तो नंतर दिसतो. समोरच्या कड्यावर एकटाच दुसरा धबधबा आहे, त्याला तिथे "मागणी घालणारा" म्हणतात. सातही जणींनी नकार दिला अशी गोष्ट आहे. हातमोजे आणि कानटोपी लागली ती फक्त या दीड तासात. भाऊजी-जाऊबाई झोपले होते, कारण शीटमध्ये "फ्योर्ड पाहणे" अशी ओळच नव्हती.

मग नाश्ता. मी उठले, भाऊजी दुसऱ्यांदा ऑम्लेटच्या रांगेत. आम्हाला स्टिकर मिळाला आठ पंचवीसला. नंबर सतरा. तेव्हा सहावा नंबर पुकारत होते. तो स्टिकर माझ्या पासपोर्टच्या कव्हरच्या आतल्या बाजूला अजून चिकटलेला आहे, कोणाला पाहायचा असेल तर.

नऊ वीसला आमचा नंबर लागला आणि त्याच क्षणी बाहेर पाऊस सुरू झाला. साधासुधा नाही, समोरचं गाव पुसून टाकणारा. मी लाउंजमध्येच बसून वॉटरप्रूफ पँट चढवली. माझ्या पँटला बाजूने चेन नव्हती, त्यामुळे बूट काढावे लागले, पुन्हा लेस बांधाव्या लागल्या. चार मिनिटं. तेवढ्यात एक बोट सुटली. पुढची भरेपर्यंत थांबली आणि आम्ही जेटीवर उतरलो तेव्हा नऊ एकेचाळीस झाले होते. बस गेलेली.

त्या दिवसापासून आजतागायत, घरातल्या प्रत्येक कार्यात, "हिच्या पँटमुळे आमचं डाल्सनिब्बा हुकलं" हे ऐकते आहे. तिथे नसलेल्या लोकांनासुद्धा ते पाठ झालंय. ऑम्लेटचं नाव कोणी काढत नाही.

बरं, पुढे काय झालं? गावातून धबधब्याच्या कडेकडेने वर जाणारा लोखंडी जिना आहे, तीनशेच्या वर पायऱ्या, वर फ्योर्ड सेंटर. फुकट, बुकिंग नाही, बोटीपासून चालत. मी म्हटलं, चला. अर्ध्यावर जाऊबाईंचे कापडी बूट पचपचायला लागले, त्या मुकाट्याने मागे फिरल्या आणि मिळेल त्या बोटीने जहाजावर गेल्या. भाऊजी हट्टाने वरपर्यंत आले. वर पोहोचल्यावर त्यांनी जॅकेट काढलं तर आतली पिसं भिजून शिवणींच्या कोपऱ्यांत लाडवासारखी गोळा झाली होती आणि मधे नुसतं पातळ कापड. पिसं ओली झाली की ऊब धरत नाहीत, हे त्यांना मी नाही, त्या जॅकेटने सांगितलं. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी उबदार राहते, सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली उष्णता ओढून घेतं. मी वर बसून पायातले मोजे पाहिले. कोरडे.

त्यांची जीन्स त्या रात्री बाथरूममधल्या ताणून लावायच्या दोरीवर टांगली होती. नवरा हेअर ड्रायरचं तोंड एका पायातून आत घालून उभा, दुसऱ्या पायातून वाफ. तिसऱ्या दिवशी फ्लॉमला पोहोचलो तरी खिसे आणि कंबरपट्टा ओलाच. जहाजाच्या केबिनमध्ये जाड कापड वाळत नाही, हे लिहून ठेवा. जमलं तर चार-सहा चुंबकाचे हुक न्या. बहुतेक केबिनच्या भिंती पोलादी असतात, ओल्या टोप्या आणि जॅकेटं त्यावर छान टांगता येतात.

आणि डाल्सनिब्बा? जेवताना आमच्या टेबलावर एक जोडपं होतं, ते जहाजाच्या सहलीने वर जाऊन आलं होतं. जवळजवळ पंधराशे मीटर उंची, रस्त्याच्या कडेला अजून बर्फ, आणि समोर पांढरा ढग. ढगाचेच फोटो दाखवले त्यांनी. भाऊजी म्हणाले, "तरी जाऊन यायला हवं होतं."

तर आखणीबद्दल माझं मत: एका बंदराला एकच गोष्ट. दुसरी जमली तर बोनस. टेंडर असेल तिथे एक तर जहाजाची सहल घ्या, म्हणजे पहिल्या बोटींत जागा मिळते, नाहीतर वेळेला बांधलेलं काहीच बुक करू नका. धक्क्याला लागणाऱ्या बंदरांत मात्र जहाजाच्या सहलीला पैसे घालवण्यात अर्थ नाही. बर्गनला क्रूझच्या धक्क्यावरून ब्रिगेनची जुनी लाकडी घरं चालत पंधरा मिनिटांवर, तिथून फ्लोयन डोंगरावर जाणारी रेल्वे दोन पावलांवर. १९१८ पासून चालते, सहा-सात मिनिटांत ३२० मीटरवर. सकाळी बंदरातून डोंगरमाथा दिसत असेल तर बाकी सगळं सोडून आधी तिथे जा, दुपारची वाट पाहू नका. ऑलेसुंडला ४१८ पायऱ्या चढून आक्सला टेकडी आणि खाली सगळं शहर एकाच घडणीचं, कारण १९०४ च्या आगीत जळाल्यावर ते काही वर्षांत नव्याने बांधलं.

फ्लॉमचा अपवाद. तिथली रेल्वे जहाजापासून पाच मिनिटांवर आहे, वीस किलोमीटरमध्ये ८६६ मीटरवरच्या म्युर्डालपर्यंत चढते, मधे शोसफोसेन धबधब्यापाशी खाली उतरू देतात. पण ज्या दिवशी मोठं जहाज लागतं त्या दिवशी तिकिटं संपतात, तेव्हा ती आधीच घ्या. जाऊन-येऊन दोन तासांच्या वर लागतात. भाऊजींच्या शीटमध्ये त्याच दिवशी स्टेगास्टाइनचा सज्जा आणि नेरोयफ्योर्डची बोटही होती. रेल्वे झाली. बाकीचं शीटमध्येच आहे.

स्वतः फिरताना एक धाक कायम ठेवा. जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं, तुम्ही एकटे उशिरा आलात तर थांबत नाही. आणि टेंडरच्या बंदरात जहाज सुटायची वेळ नाही, शेवटच्या बोटीची वेळ पाहायची. आम्ही दीड तास आधी परतायचा नियम ठेवला होता. पैसे मात्र बदलून नेऊ नका, क्रोनच्या नोटेला आम्ही हातही लावला नाही, सगळीकडे कार्ड.

राहिलेलं एकदम लिहिते. बूट वॉटरप्रूफ आणि आधी महिनाभर वापरलेले. दुर्बीण एक तरी. डोळ्यांवर बांधायची पट्टी, कारण रात्री अकरापर्यंत उजेड असतो. गॉगल आणि सनस्क्रीन, हसू नका, लागतं. वॉटरप्रूफ पँट घेताना बाजूला गुडघ्यापर्यंत चेन असलेलीच घ्या, म्हणजे बूट न काढता चढवता येते.

आता दोन गोष्टी न्यायाला धरून. तुमचं जहाज आणखी वर नॉर्डकापपर्यंत जाणार असेल तर जाड जॅकेटाबद्दल मी लिहिलंय ते तितकंसं लागू नाही. तो ३०७ मीटरचा कडा उघड्या समुद्रावर आहे, तिथे वारा जूनमध्येही बोचतो. पिसांचं जॅकेट न्याच, पण पातळ, आणि वॉटरप्रूफच्या आत घालायला. तुमच्यासोबत सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर तेव्हाही.

दुसरी म्हणजे, पँट मी केबिनमधूनच घालून निघायला हवं होतं. कबूल. मग सुटलेली ती बोट आम्हाला मिळाली असती. ती जेटीला नऊ बत्तीसला लागली, म्हणजे साडेनऊची बस तरीही गेलेलीच असती, आणि हे मी भाऊजींना कागदावर मांडून दाखवलंय. नवरा म्हणतो, बस नऊ पस्तीसला हलली, त्याने आमच्या बोटीतून ती जाताना पाहिली. त्याला कोणी विचारलं नव्हतं.