परदेशात जाऊन स्मशान बघायचं?

प्रश्न : मे महिन्यात अथेन्सला तीनच दिवस आहोत, ॲक्रोपोलिस वगैरे धरून अर्धा दिवस उरतोय. ह्यांना केरामेइकोस बघायचंय पण सोबत सासूबाई आहेत, त्या म्हणतात एवढं विमानाचं भाडं भरून जायचं ते काय स्मशान बघायला? खरंच जाण्यासारखं आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जा हो, बिनधास्त जा. सासूबाईंना सांगा की हा मुळात कुंभारवाडा, नावाचा अर्थच तो, आपला सिरॅमिक शब्दही त्याच घराण्यातला. वेशीबाहेरच्या रस्त्याच्या कडेने लोक आपली माणसं पुरायचे, म्हणजे गावात शिरणाऱ्याला आधी ह्यांच्याच घराण्याचा थाट दिसला पाहिजे! हा थाट इतका वाढला की इ.स.पू. ३१७ च्या सुमारास अथेन्सचा तेव्हाचा शासक डिमिट्रिअस ह्याने कायदाच करून तो बंद पाडला, मग नुसते बुटके दगडी खांब, तेही तिथे दिसतील.

डेक्सिलिओसच्या थडग्याचा कोरीव दगड चुकवू नका. इ.स.पू. ३९४ मध्ये लढाईत गेलेला विशीतला पोरगा, घोड्यावर बसून शत्रूला तुडवतोय, बघताना आपला वीरगळ आठवतोच. बाहेर आहे ती प्रतिकृती, खरा आतल्या छोट्या म्युझियममध्ये, तेवढ्यात आई जरा बसतील पण.

माझा जीव मात्र हेगेसो नावाच्या बाईच्या थडग्याच्या दगडावर. बाई खुर्चीत बसलीय, समोर दासी डबा धरून उभी, हेगेसोने त्यातून काहीतरी उचललंय आणि टक लावून बघतेय, पण चिमटीत काहीच नाही! दागिना रंगाने काढला होता, रंग उडाला, बोटं तशीच राहिली. इथेही प्रतिकृतीच आहे, अस्सल दगड राष्ट्रीय पुरातत्त्व म्युझियममध्ये, जमलं तर तिथेही जा.

आणि तटबंदीकडे नीट बघा. पर्शियनांनी शहर जाळल्यावर इ.स.पू. ४७८ च्या आसपास ती इतक्या घाईत उभी केली की थडग्यांचे दगडसुद्धा भिंतीत घातले, पूर्वजांनी रागावायचं तरी कसं.

थिसिओ मेट्रो स्टेशनवर उतरून चालतच जाता येतं. सावली फार नाही, सकाळीच जा, टोपी पाणी घ्या, जमीन ओबडधोबड आहे तेव्हा आईंना चपला नकोत, बूट घाला. एरिडानोसचा ओढा आहे, गवतात कासवं हिंडतात, आई बहुतेक त्यांच्यातच रमतील. आल्यावर आंघोळ करायची असेल तर करू द्या त्यांना, उन्हातून आल्यावर बरीच वाटते.