वाचकांचे प्रश्न : गाडीतला स्वस्त इन्व्हर्टर

प्रश्न : जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात चौघांच्या झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय आम्ही करून घेतली आहे. मे महिन्यात तोरणमाळला आणि तेथून पुढे मध्य प्रदेशात जाण्याचा बेत आहे. गाडीसाठी ३,२०० रुपयांचा इन्व्हर्टर मागवला. खोक्यावर १५०० वॅट असे छापले असून त्याच्या मागच्या बाजूस ३० अँपिअरचे दोन फ्यूज दिसतात. इंजिनाच्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची बॅटरी बसवली आहे. दोन पंखे, लॅपटॉप, मिक्सर आणि आईच्या इन्सुलिनसाठी छोटा फ्रिज चालवायचा आहे. इन्व्हर्टर परत करण्यास दहा दिवसांची मुदत आहे. तो ठेवावा का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : स्वस्त वस्तू घेतली म्हणून आपले काही चुकले, असे मी मानत नाही, माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर महागडे इन्व्हर्टरही जळून येतात. खोक्यावरचा आकडा मात्र खरा धरू नये. आपण फ्यूज पाहून पत्रात लिहिलेत, ते फार चांगले केलेत, कारण खोके काहीही सांगत असले तरी फ्यूजच्या पलीकडे करंट जाऊ शकत नाही. ३० अँपिअरचे दोन फ्यूज म्हणजे ६० अँपिअर. त्याला १२ व्होल्टने गुणले की ७२० वॅट येतात, आणि आतली सुमारे १५ टक्के तूट वजा केली की हाती ६१० वॅट उरतात. फ्यूज सतत काठावर चालवायचा नसतो, म्हणून भरवशाची मर्यादा ५०० वॅटच्या आसपासच धरावी. पंधराशे वॅट खरोखर काढायचे तर बॅटरीतून जवळजवळ दीडशे अँपिअर ओढावे लागतील आणि ते आपली बॅटरीही फार वेळ सोसणार नाही.

दुसरी गोष्ट विजेच्या लहरीची. या किमतीचे बहुतेक इन्व्हर्टर मॉडिफाइड साइन वेव्हचे असतात, म्हणजे लहर गोलाईने चढत-उतरत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी चढते-उतरते. लॅपटॉपच्या चार्जरला त्याने सहसा फरक पडत नाही. साधा पंखा गुणगुणतो व तापतो, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर तर जास्तच तापतो. शिवाय ८० वॅटचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट करंट मागतो. ज्या फ्रिजमध्ये आईचे इन्सुलिन ठेवायचे आहे तो या इन्व्हर्टरच्या भरवशावर सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवे आणि ते गोठूही देता कामा नये. त्यासाठी थेट १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज मिळतो, त्याला इन्व्हर्टर लागतच नाही. पंखेही १२ व्होल्टचेच घ्यावेत. ३० वॅटचे दोन पंखे रात्रीचे आठ तास चालले तर ४८० वॅट-अवर खर्च होतात. आणि बॅटरी लेड-अॅसिड असेल तर ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणून तिच्यातले वापरण्याजोगे सारे ६०० वॅट-अवरच आहेत. हेच पंखे इन्व्हर्टरमार्फत चालवले तर १५ टक्के वाटेतच जातात. फ्रिज या हिशेबात धरलेला नाही. त्यासाठी बॅटरी वाढवावी लागेल, किंवा टपावर सोलर पॅनल बसवावे लागेल.

तेव्हा माझे मत असे की हा इन्व्हर्टर परत करावा आणि थोडे पैसे घालून ३०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे गोलाईने चढणारी-उतरणारी लहर देणारा, घ्यावा, जो लॅपटॉप आणि किरकोळ गरजांना पुरेल. मिक्सरचे काम घरून निघण्यापूर्वीच उरकावे. जो इन्व्हर्टर घ्याल त्याची परीक्षा मात्र अमळनेरातच, घराच्या अंगणात घ्यावी, घाटात नव्हे.

परीक्षेसाठी एका पाटीवर १०० वॅटचे तीन पिवळे बल्ब समांतर जोडून, प्रत्येकाला वेगळे बटण द्यावे. एलईडी बल्ब येथे उपयोगाचे नाहीत. पिवळ्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकाच असतो, त्यामुळे बटण दाबल्याक्षणी इन्व्हर्टरला मोठा झटका बसतो, आणि हा झटका तो कसा सोसतो तेच आपल्याला पाहायचे आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच राहू द्यावी; मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. मग एकेक बल्ब लावत जावे आणि प्रत्येक वेळी दोन आकडे वहीत लिहावेत : बॅटरीच्या टर्मिनलवरचा आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरचा. दोन्हींत फरक पडला तर दोष इन्व्हर्टरचा नसून वायरचा असतो. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरची जाण्या-येण्याची लांबी मिळून चार मीटर झाली, तर ५० अँपिअरला ०.६ व्होल्ट वाटेतच गळतो आणि सुमारे ३० वॅट नुसते वायर तापवण्यात जातात. तेथे २५ चौरस मिलिमीटरची वायर घातली की हाच आकडा ०.१४ वर येतो.

वायर घेताना पुष्कळ जण वेल्डिंगची केबल घेतात, ती चालते. पण ती तांब्याची आहे ना, हे दुकानातच पाहावे. एक बारीक तार सुटी करून ब्लेडने खरवडावी. लाल रंगाखाली पांढरी चमक दिसली तर ते तांब्याचे पाणी दिलेले अॅल्युमिनियम आहे. इन्व्हर्टरसोबत मिळणारे चिमटे फक्त तपासणीपुरते वापरावेत. कायमची जोडणी वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या लगनेच (धातूच्या कडीनेच) करावी, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज घालावा. वायर कोठे घासून बॉडीला लागली, तर आग थांबवणारा तेवढा एकच भाग त्या सगळ्या जोडणीत असतो.

यानंतरची परीक्षा आपल्याकडच्या उन्हाची. कागदावरचे वॅट बहुधा २५ अंश तापमान धरून लिहिलेले असतात. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या घरात जातो आणि उन्हात उभ्या, बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापते. डिसेंबरात सुरळीत चाललेला इन्व्हर्टर मे महिन्यात दर वीस मिनिटांनी बंद पडतो, अशी तक्रार दर उन्हाळ्यात माझ्याकडे येते. म्हणून दुपारी दोनच्या सुमारास, जेथे तो कायमचा बसणार आहे त्याच जागी ठेवून, त्याच्या क्षमतेच्या दोन-तृतीयांश भार तासभर चालवावा; ३०० वॅटच्या इन्व्हर्टरवर दोन बल्ब. दर दहा मिनिटांनी लगला हात लावून पाहावा. बोट टेकवत नसेल तर जोड सैल आहे. करपल्याचा वास आला तर तेथेच थांबून इन्व्हर्टर परत करावा. इन्व्हर्टरच्या आतला पंखा फिरतो का, आणि त्याच्या तोंडाशी गादी किंवा पडदा येत नाही ना, हेही पाहावे. काळ्या मातीची बारीक धूळ या जाळ्या लवकर बुजवते.

शेवटी एकच बल्ब ठेवून इन्व्हर्टर आपणहून केव्हा बंद होतो ते पाहावे. बहुतेक स्वस्त इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला बंद होतात, आणि तोवर लेड-अॅसिड बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. म्हणून प्रवासात त्याच्या शिटीची वाट न पाहता, मीटरवर १२ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला की आपणच थांबावे. ही चाचणी एकदाच करावी आणि लगेच बॅटरी चार्जिंगला लावावी.

(जाता जाता : गाडीच्या आत केलेल्या बदलांना मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होऊ शकते, निघण्यापूर्वी आरटीओत चौकशी करून घ्यावी.)

प्रश्न : प्युअर साइन वेव्ह म्हणून घेतलेल्या इन्व्हर्टरला माझा साधा मल्टीमीटर १८० व्होल्ट दाखवतो आणि टेस्टर सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत पेटतो. दुकानदार म्हणतो, मीटर बिघडला आहे. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : मीटर घरच्या विजेवर नेहमीसारखा २३० च्या जवळपास दाखवत असेल, तर तो बिघडलेला नाही, उलट त्याने आपल्याला खरी गोष्ट सांगितली आहे. साधा मल्टीमीटर लहरीची सरासरी मोजतो आणि ती गोल साइन वेव्ह आहे असे गृहीत धरून आकडा दाखवतो. पायऱ्यांच्या लहरीवर हे गृहीतक चुकते व २३० च्या जागी १८० च्या आसपास आकडा येतो. ट्रू आरएमएस मीटर, म्हणजे लहर कोणत्याही आकाराची असली तरी खरा आकडा दाखवणारा मीटर, मागून आणून त्याच सॉकेटला लावावा. त्यावर २३० आणि आपल्या मीटरवर १८० आले, तर आपल्याला प्युअर साइन म्हणून मॉडिफाइड विकला आहे, आणि तो परत करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. दोन्ही मीटरवर कमीच आले, तर इन्व्हर्टरमध्ये किंवा बॅटरीत दोष आहे.

टेस्टर दोन्हीकडे पेटतो हा मात्र दोष नव्हे. अशा इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो, दोन्ही तारा तरंगत्या असतात. म्हणून कोणतीही तार 'न्यूट्रल आहे' असे समजून तिला हात लावू नये आणि ती गाडीच्या बॉडीलाही जोडू नये. तसे केल्याने इन्व्हर्टर जळू शकतो. बॉडीला जोडायचा तो फक्त इन्व्हर्टरच्या पेटीवरचा अर्थिंगचा स्क्रू.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत आमचा ट्रक आठवडाभर उभा असतो आणि आम्ही त्यातच राहतो. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवर १२ व्होल्टचा इन्व्हर्टर लावला तर चालेल का? (एक व्यापारी, शहादा)

उत्तर : चालणार नाही. ट्रकच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. एकीतूनच वीज काढली की ती रोज थोडी अधिक उतरते, दुसरी मात्र भरलेलीच राहते. पुढे चार्जिंगच्या वेळी भरलेलीला जास्त व्होल्टेज मिळून तिचे पाणी आटते आणि उतरलेली कधी पूर्ण भरतच नाही. काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर घ्यावा. आणि तोही ट्रकच्या बॅटऱ्यांवर न लावता त्यासाठी वेगळी जोडी ठेवली, तर यात्रा उठल्यावर सेल्फ मारताना ट्रक ढकलण्याची वेळ येणार नाही.