अमेरिकेतल्या गावाच्या नळपाण्यात फ्लोराइड प्रमाणात कसं ठेवतात?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या लहान गावांत दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालतात, ते कमीजास्त होऊ नये म्हणून काय करतात? आणि आरोग्य खातं यात मदत करतं म्हणजे पैसे देतं, की आणखी काही?

माझ्या मते पैसे हा त्यातला लहान भाग. खरी मदत म्हणजे पंपघरात एकट्याने काम करणाऱ्या ऑपरेटरचा हिशेब दुसऱ्या जाणत्या माणसाने नियमित तपासणं.

2015 पासून तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने लिटरला 0.7 मिलिग्रॅम हे लक्ष्य दिलं आहे. 1962 पासून ते हवामानाप्रमाणे 0.7 ते 1.2 होतं. कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा 4.0 आहे. 0.7 हा आकडा पाण्यातल्या एकूण फ्लोराइडचा, म्हणून सुरुवात मूळ पाण्यात किती आहे ते मोजण्यापासून होते. यवतमाळ किंवा चंद्रपूरकडच्या काही बोअरसारखं ते 1.5 च्या वर असेल, तर घालायचा प्रश्नच नाही, तिथे काढावं लागतं. ‘अमेरिकेत घालतात, मग आपण का नाही’ असं विचारणाऱ्यांनी आधी आपल्या बोअरचा तपासणी अहवाल बघावा, ही माझी कळकळीची विनंती.

आता हिशेब. गावाला दिवसाला 10 लाख लिटर पाणी लागतं आणि मुळात 0.2 मिलिग्रॅम आहे असं धरा. वाढवायचं 0.5, म्हणजे दिवसाला 500 ग्रॅम फ्लोराइड. हे फ्लोराइड तीनपैकी एका रसायनातून देतात. फ्लोरोसिलिसिक आम्ल 23 टक्क्यांचं असेल तर त्यासाठी सुमारे 2.75 किलो लागतं, मापाने साधारण 2.3 लिटर. त्याऐवजी 98 टक्के शुद्ध सोडियम फ्लोराइड घेतलं तर 1.13 किलो. सोडियम फ्लोरोसिलिकेट 840 ग्रॅमच्या आसपास पुरतं, पण ते पाण्यात फार कमी विरघळतं आणि दमट हवेत त्याचे गोळे होतात, म्हणून लहान गावांत त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. आम्ल काच, लोखंड आणि काँक्रीट खातं. त्याची वाफ खिडकीच्या काचासुद्धा धूसर करते. टाकी पॉलिथिलीनची हवी आणि तिची हवानळी थेट इमारतीबाहेर काढलेली हवी.

लहान गावाला सोडियम फ्लोराइडचं सॅच्युरेटर, म्हणजे त्याच्या थरातून पाणी सोडून संपृक्त द्रावण करणारी टाकी, सगळ्यात सोयीचं. नेहमीच्या तापमानात हे मीठ 4 टक्क्यांच्या आसपासच विरघळतं, त्यामुळे टाकीत त्याचा थर राखला की द्रावण आपोआप लिटरला 18 ग्रॅम फ्लोराइडचं होतं. वरच्या गावाला त्याचे दिवसाला 28 लिटर लागतील. थर निदान 12 इंच हवा, आणि ती खूण टाकीवर बाहेरून केलेली हवी. थर कमी झाला की द्रावण पातळ होतं आणि नळाला आकडा हळूहळू उतरतो. सोडियम फ्लोराइड दाणेदार घ्यावं, बारीक पूड घेतली तर तुंबतं. टाकीत सोडायचं पाणी जड असेल, म्हणजे जडपणा लिटरला 50 ते 75 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर आधी मृदू करावं. नाहीतर कॅल्शियम फ्लोराइडचा साका थरात आणि डोसिंग पंपाच्या (द्रावण मोजून पाण्यात सोडणाऱ्या पंपाच्या) व्हॉल्व्हमध्ये बसतो. ‘पंप चालू आहे पण डोस पडत नाही’ या तक्रारीत आधी हे व्हॉल्व्ह उघडून पाहावेत.

कमी पडलेल्या डोसने कोणाला विषबाधा होत नाही. भीती असते ती पाणी थांबल्यावरही डोसिंग पंप चालू राहण्याची, किंवा पंप बंद असताना द्रावण सायफनने ओढलं जाण्याची. अलास्कातल्या हूपर बे गावात मे 1992 मध्ये हेच घडलं: एका नमुन्यात लिटरला 150 मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं, अंदाजे 296 लोक आजारी पडले आणि एक माणूस दगावला. तपासात तीन गोष्टी निघाल्या. नियंत्रण यंत्रणा भरवशाची नव्हती, तीव्र द्रावण विहिरीत शिरायला वाट होती, आणि वाढलेल्या आकड्यांवर नीट लक्ष ठेवून वेळेत पावलं उचलली गेली नव्हती.

म्हणून डोसिंग पंपाची वीज विहिरीच्या पंपाच्या वायरिंगमधूनच घ्यायची. त्याचा प्लग भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये बसताच कामा नये, कारण घाईत कोणीतरी तो तिथे लावतोच. शिवाय पाणी वाहत असेल तरच पंप चालू देणारा फ्लो स्विच लावायचा. सायफनरोधक व्हॉल्व्ह दोन: एक पंपाच्या तोंडाशी, दुसरा मुख्य नळात द्रावण सोडतात तिथे. डोसिंग पंप मोठा घेऊ नये. तो क्षमतेच्या मधल्या पट्ट्यात चालला की अचूक राहतो. आम्ल असेल तर मोठ्या टाकीतून थेट न ओढता एका दिवसापुरत्या छोट्या टाकीत घ्यायचं, म्हणजे वाईटात वाईट झालं तरी तेवढंच पाण्यात जाईल.

ही छोटी टाकी वजनकाट्यावर ठेवायची. रोज किती किलो गेलं आणि मीटरप्रमाणे किती पाणी गेलं, यावरून डोस काढायचा आणि नळाच्या नमुन्याशी ताडून पाहायचा. दोन्ही जुळले नाहीत तर पंपाचा स्क्रू फिरवण्याआधी चाचणी तपासा. रंगाच्या चाचणीत (स्पॅडन्स) पाण्यातली तुरटी आकडा खोटा कमी दाखवते, पॉलिफॉस्फेट खोटा जास्त दाखवतं, आणि क्लोरीन आधी मारावा लागतो. इलेक्ट्रोड वापरत असाल तर नमुना आणि प्रमाण द्रावण एकाच तापमानाला हवं, दोन्हींत बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) सारखाच घालायला हवा.

खात्याची मदत नेमकी इथे येते. राज्याचा अभियंता प्लांटवर येऊन वायरिंग, व्हॉल्व्ह आणि नोंदवही पाहतो, ऑपरेटरला प्रशिक्षण देतो. महिन्याला एका नमुन्याचे दोन भाग करतात: एक ऑपरेटर मोजतो, दुसरा राज्याच्या प्रयोगशाळेत जातो. दोन आकड्यांत फरक आला की बिघाड उपकरणात आहे की हातात, ते शोधता येतं. अनुदानातून वजनकाटा, पंप, मीटर अशा वस्तू घेता येतात. फ्लोराइड घालायचं की नाही हे मात्र राज्य किंवा गाव ठरवतं. युटा आणि फ्लोरिडा यांनी 2025 मध्ये ते बंद केलं.

केंद्र पातळीवर हे तांत्रिक मार्गदर्शन सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा मौखिक आरोग्य विभाग देत असे. एप्रिल 2025 च्या कपातीत तो विभाग गेला, आणि मला ही फार गंभीर गोष्ट वाटते. आता ऑपरेटरने राज्याच्या पेयजल विभागातल्या अभियंत्याचा नंबर पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. आकडा 4.0 च्या वर दिसला आणि कारण लगेच सापडलं नाही, तर आधी डोसिंग बंद करायचं, मग फोन करायचा, आणि मोजलेल्या नमुन्याचा उरलेला भाग ओतून न देता झाकण लावून जपून ठेवायचा.