सेलूच्या भाऊंची टूरिंग बाईक: चार लाख पस्तीस हजारांचा हिशेब

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सेलूत कृषी सेवा केंद्र, वय ३८, वहिनी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, लेक आठवीत. दारात २०१७ ची ३५० सीसी बुलेट, ५८ हजार किलोमीटर पळालेली. आता मनात बसलीय ती ४०० सीसीच्या घरातली टूरिंग बाईक: रंगीत टीएफटी स्क्रीन, क्रूझ कंट्रोल (मूठ पिळून न ठेवता वेग कायम ठेवणारं), ट्रॅक्शन कंट्रोल, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारा). कोटेशन ऑन-रोड ४ लाख ३५ हजारांचं. बुलेटचे ८० हजार, घरच्या बचतीतले १ लाख आणि बाकी २ लाख ५५ हजारांचं कर्ज, ११ टक्क्यांनी, ४ वर्षांसाठी. मित्र म्हणतात, कंपन्या स्क्रीन दाखवून पैसे उकळतात, एवढी टेक्नॉलॉजी काय कामाची? तुमचा प्रश्न असा की हे खरं का, आणि गाडी घ्यावी का.

मित्रांचं म्हणणं मला पटत नाही. तरीही या कोटेशनवर सही करू नका, असंच मी सांगणार आहे. त्याची कारणं वेगळी आहेत.

आधी टेक्नॉलॉजीचं बघू. आजच्या गाडीत थ्रॉटलची केबल गेली, तिथे सेन्सर आला. मूठ किती पिळली ते इंजिनाचा कॉम्प्युटर वाचतो. एकदा एवढं झालं की क्रूझ कंट्रोल म्हणजे एक बटण आणि थोडं सॉफ्टवेअर. ट्रॅक्शन कंट्रोलचंही तसंच. पुढचं आणि मागचं चाक किती वेगानं फिरतंय हे मोजणारे सेन्सर एबीएससाठी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, गाडीत आधीच असतात. मागचं चाक जास्त फिरू लागलं की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद क्षणभर कमी करतो. नवीन लोखंड फारसं लागत नाही. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर एक्स २०२५ च्या जानेवारीत २ लाख ९१ हजारांना आली, तेव्हा तिच्यात क्रूझ कंट्रोल आणि ट्रॅक्शन कंट्रोल नव्हतं. त्याच वर्षी ते घातलं आणि किंमत वाढली सुमारे १२ हजारांनी. ऑक्टोबरात टीव्हीएसची ३०० सीसीची अपाचे आरटीएक्स १ लाख ९९ हजारांच्या सुरुवातीच्या शोरूम किमतीला आली, तिच्यातही या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणजे तुमच्या ४ लाख ३५ हजारांतला मोठा वाटा इलेक्ट्रॉनिक्सचा नाही.

मग कशाचा? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच्या वरच्या गाड्यांवर सेस धरून ३१ टक्के होता, तो ४० झाला. तुमच्या कोटेशनमधली शोरूम किंमत आहे ३ लाख ६० हजार. त्यात जवळपास १ लाख ३ हजार जीएसटीचेच आहेत. हीच गाडी ३५० सीसीच्या आत बसली असती तर हा आकडा ४६ हजारांच्या घरात असता. रोड टॅक्स किमतीच्या टक्केवारीनं लागतो, म्हणून तोही फुगतो. पाच वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा ३५० सीसीच्या वर १५,११७ रुपये, १५० ते ३५० सीसीला ७,३६५, वर जीएसटी वेगळा. आपल्याकडच्या रस्त्यांवर ते जास्तीचे ५० सीसी तुम्हाला किती दिवस जाणवतील, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

आता तुमच्या रस्त्यांबद्दल. एबीएसवर मी एक रुपयाही वाचवू देणार नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला तो सक्तीचा आहे, आणि तुमची बुलेट त्याच्या आधीची. पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर काळ्या मातीचा थर सोडून जातो. वरून भुरभुर पाऊस आला की तो रस्ता साबणासारखा होतो. अशा ठिकाणी अचानक बैल आडवा आला आणि ब्रेक कचकन दाबला तर चाक अडकणं आणि न अडकणं यात माणूस घरी येण्या न येण्याचा फरक असतो. चांगल्या एलईडी हेडलाइटचंही तेच. गळीत हंगामात रात्री मागे एकही दिवा नसलेली उसाची ट्रॉली किती उशिरा दिसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ट्यूबलेस टायर हवेत. ट्यूबवाल्या स्पोक चाकाची पंक्चर म्हणजे आधी चाक काढा, मग दुकान शोधा. ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर उत्तम. एवढ्यासाठी जुनी गाडी बदलणं हा खर्च मी सुरक्षेच्या खात्यात धरतो. तुमची हौस त्याच्या पुढे सुरू होते, आणि हौसेला माझा विरोध नाही, फक्त तिचं खातं वेगळं ठेवा.

क्रूझ कंट्रोल त्या हौसेच्या खात्यात जातो. समृद्धी महामार्ग जालना, संभाजीनगरवरून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरही. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार मोटारसायकलची कमाल मर्यादा चौपदरी रस्त्यावर ताशी ८०, इतर रस्त्यांवर ६०. सेलू ते मानवत, पाथरी, माजलगाव या पट्ट्यात गतिरोधक, म्हशी आणि आठवडी बाजार सांभाळताना ते बटण किती वेळा दाबाल? लडाखला जाताना नागपूरहून वर झाशी, ग्वाल्हेर, आग्र्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मनगटाला आराम मिळेल, हे मी मान्य करतो. पण लडाख तुम्ही स्वतःच ‘एकदा तरी’ असं लिहिलंय. वर्षातल्या बाकी फेऱ्या म्हणजे दिवाळीनंतरचं कोकण आणि महिन्यातला एखादा रविवार, औंढा नागनाथ नाहीतर अंबाजोगाई. लडाखसाठी मोठीच गाडी हवी असेल तर लेहमध्ये ती भाड्यानं मिळते.

टेक्नॉलॉजी महाग पडते ती गाडी घरी आल्यावर. माझ्याकडे येणारे जालन्याचे एक गृहस्थ, बियाण्यांचा धंदा, गाडी गोदामात लावायचे. उंदरानं मागच्या चाकाच्या सेन्सरची वायर कुरतडली. एबीएसचा दिवा पेटला, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, क्रूझ कंट्रोल बंद. वायर काही फार महाग नव्हती, पण ती येऊन बसेपर्यंत १९ दिवस गाडी उभी राहिली. तुमचंही गोदाम आहे, आणि तुम्हीच लिहिलंय की या कंपनीचं जवळचं सर्व्हिस सेंटर संभाजीनगरला, सेलूहून दीडशे किलोमीटरवर. बुलेट बाजारातल्या मिस्त्रीकडे दुपारच्या चहापर्यंत तयार व्हायची. निदान करायला लॅपटॉप लागणारी गाडी त्याच्या हातात देता येणार नाही. प्रत्येक सर्व्हिसला एक दिवस, पेट्रोल आणि दुकानाला कुलूप, हा खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. विम्याचंही बघा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरी भागांच्या दाव्यातून ५० टक्के घसारा कापला जातो. टूरिंग गाडीला चहूबाजूंनी प्लास्टिकच असतं, म्हणून कोणतीही गाडी घेतलीत तरी झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे हा घसारा न कापणारा विमा, घ्या.

आता कर्ज. हप्ता बसतो सुमारे ६,६०० रुपये, चार वर्षांत व्याज जातं ६१ हजारांच्या आसपास. चार वर्षं पूर्ण होतील तेव्हा विम्याच्या तक्त्याप्रमाणे गाडीची किंमत निम्मी धरली जाईल. पगारदार माणसाला मी कदाचित ‘घ्या’ म्हटलं असतं. तुमचं उत्पन्न वर्षाला ९ लाख दिसतं, पण ते महिन्याला ७५ हजार असं येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार. मे-जूनमध्ये माल भरायला पैसा बाहेर जातो, जुलै-ऑगस्टात उधारीची वही जाड होते, सोयाबीन-कापूस निघाल्यावर वसुली येते. यंदा, २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं शेतंच वाहून गेली. जे सोयाबीन वाचलं त्याला क्विंटलला ५,३२८ रुपयांचा हमीभाव जाहीर असूनही बाजारात त्याहून खूप कमी मिळालं. तुमची ६ लाखांची उधारी गावांत अडकलीय, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्या दारात यंदा तगादा लावायला तुमचं मन धजत नाही असं तुम्ही लिहिलंय. ते वाक्य वाचून तुमच्याबद्दलचा आदर वाढला. पण मग हेही धरून चाला की त्या ६ लाखांतले काही या वर्षी येणार नाहीत, आणि पुढच्या खरिपाचा माल त्यांच्याशिवाय भरायचा आहे.

दुसरं, लेकीचं. तिला अकरावीला लातूरला पाठवायचं ठरलंय. ती अकरावीत जाईल २०२८ च्या जूनमध्ये. या डिसेंबरात कर्ज घेतलं आणि जानेवारीपासून हप्ते सुरू झाले तर शेवटचा हप्ता डिसेंबर २०२९ मध्ये. म्हणजे लातूरची फी, होस्टेल, मेस सुरू झाल्यावरही जवळपास दीड वर्ष गाडीचा हप्ता सोबत चालणार. वहिनींचा पगार हाच घरातला ठरलेल्या तारखेचा पैसा आहे. तो या दोन्हींत वाटला गेला तर घरात काय बोलणं होईल, याचा विचार तुम्ही केला असेलच.

म्हणून माझं मत असं. या डिसेंबरात गाडी घेऊ नका. जानेवारीपासून दर महिन्याला ६,६०० रुपये वहिनींच्या खात्यातून नव्हे, दुकानाच्या उत्पन्नातून आरडीत टाका. जुलै-ऑगस्टात तो हप्ता जड गेला तर कर्जाचा हप्ताही तसाच जड गेला असता, आणि हे तुम्हाला बँकेला तोंड न दाखवता कळेल. नोव्हेंबर २०२६ पर्यंत ११ हप्त्यांचे ७२ हजारांच्या वर जमतील. बुलेटचे ८० हजार आणि बचतीतले १ लाख मिळवले तर अडीच लाख होतात. ३५० सीसीच्या आतली, एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, एवढंच काय क्रूझ कंट्रोलसुद्धा असलेली टूरिंग गाडी त्या पैशांच्या आसपास, कर्जाशिवाय दारात येऊ शकते. मात्र आधी सर्व्हिस सेंटर परभणीत किंवा जालन्यात आहे का ते स्वतः जाऊन बघा, फोनवर विचारू नका. मॉडेलपेक्षा मी त्याला जास्त वजन देईन.

थांबण्यात तुमचं नुकसान नाही. बीएमडब्ल्यूनं मोटारसायकलला एबीएस दिला १९८८ मध्ये, आपल्याकडे तो सक्तीचा व्हायला तीस वर्षं लागली. वळणावर झुकलेल्या गाडीलाही सावरणारा एबीएस केटीएमनं २०१३ च्या सुमारास ११९० ॲडव्हेंचर या मोठ्या गाडीत आणला. दहा-बारा वर्षांत तो तीन लाखांच्या गाडीत आलाय. आज समोरच्या वाहनाचं अंतर राखणारं रडार बीएमडब्ल्यू आर १३०० जीएससारख्या वीस लाखांच्या वरच्या गाडीत मिळतं. ही टेक्नॉलॉजी दरवर्षी खालच्या किमतीत उतरतेय आणि उतरण्याचा वेग वाढतोय.

आरडी मात्र बचतीच्या त्या १ लाखापासून वेगळ्या खात्यात ठेवा, आणि दुकानात माल कमी पडला म्हणून तिला हात लावायची वेळ आली तर मला आधी फोन करा.

कोकणची फेरी यंदा बुलेटवरच करा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागच्या टायरची नक्षी पार झिजलेली दिसते. निघण्याआधी तो बदलून घ्या, आणि ब्रेक शूही बघून घ्या.