मुलगा कॅमेरा घेऊन जंगलात जायचे म्हणतो

वन्यजीव छायाचित्रणावर घर चालते का, हा प्रश्न नागपुरातले पालक मला वारंवार विचारतात. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला इतके जवळ असताना मुलांना ही ओढ लागणे स्वाभाविकच आहे. मानेवाड्याच्या एका गृहस्थांचा मुलगा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला महाविद्यालय सोडायचे होते आणि मोठ्या लेन्ससाठी वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढावेत, असा त्याचा हट्ट होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

१ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभा पर्यटनासाठी बंद असतो, तेव्हा तू काय टिपतोस, असे मी मुलाला विचारले. त्याला उत्तर देता आले नाही, कारण त्याच्या संग्रहात जिप्सीतून काढलेले वाघच होते. तसे वाघ आज प्रत्येक पर्यटकाकडे असतात आणि नुसती छायाचित्रे विकून पोट भरेल, अशी आशा मी तरी कोणाला दाखवत नाही. या क्षेत्रातील बहुतेकांचे घर स्वयंसेवी संस्थांसाठी केलेले लघुपट, कार्यशाळा, संकलन आणि, मुलांना हे ऐकायला आवडत नाही, लग्नसमारंभांचे चित्रीकरण अशा कामांच्या बेरजेवर चालते. शिवाय अभयारण्यात माहितीपट करायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, म्हणजे अर्ज आणि प्रतीक्षा आलीच.

पदवी सोडण्याला मात्र मी स्पष्ट विरोध केला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील छायालेखनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर पदवी हवी, मग ती कोणत्याही शाखेची असो. ते दार त्याने स्वतःच्या हाताने बंद करू नये.

“मॅडम, पण यातून कोणाचे भले होते?” वडिलांनी विचारले. मी त्यांना माइक पांडे यांचे उदाहरण दिले: गुजरातच्या किनाऱ्यावर होणारी व्हेल शार्कची शिकार त्यांच्या माहितीपटाने लोकांसमोर आणली आणि २००१ मध्ये त्या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण मिळाले. वडील गप्प झाले, पटले असे म्हणाले नाहीत.

मुलाला मी घरातल्याच कॅमेऱ्यावर सुगरणीच्या विणीचा पाच मिनिटांचा लघुपट करायला सांगितले. नर घरटे अर्धवट विणून थांबतो, मादी ते पारखते आणि पसंत पडले तरच पुढचे काम होते. हे सारे टिपायचे तर विहिरीकाठच्या बाभळीपासून दूर, तासन्‌तास बसावे लागते. पहिल्या खेपेला वाऱ्यामुळे ध्वनिमुद्रण वाया गेले. कोणी न सांगता तो पुन्हा गेला, आणि माझ्या दृष्टीने त्याच्या साऱ्या वाघांपेक्षा ही गोष्ट महत्त्वाची होती.

निधीला हात न लावता लेन्स लागेल तेव्हा भाड्याने आणायची आणि पदवी पूर्ण करायची, असे ठरले. सुट्टीत तो आता लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांकडे संकलन शिकतो. वडील अजूनही बँकेच्या परीक्षेचा अर्ज त्याच्यापुढे ठेवतात, आणि ते थांबवा असे मी त्यांना सांगितलेले नाही.